बॉयलर अटेंडंटची सेकंड क्लास परीक्षा : पात्र कसे व्हायचे आणि तयारी कशी करायची

इचलकरंजी-भिवंडीची कापड रंगवणारी प्रोसेस हाऊसेस, गोंदिया-भंडाऱ्यातल्या उकडा तांदूळ करणाऱ्या राइस मिल, तारापूर-महाड-लोट्याचे केमिकल कारखाने, साखर कारखाने, डेअऱ्या. वाफ या सगळ्यांना लागते, आणि बॉयलर सर्टिफिकेटधारक माणसाच्या ताब्यात असल्याशिवाय चालवता येत नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून हे बंधन आहे आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही ते कायम आहे. तरीही बॉयलर हाऊसमध्ये अशी कितीतरी माणसे भेटतात, जी वर्षानुवर्षे ब्रिकेट (भुसा-भुग्याच्या दाबून केलेल्या कांड्या) टाकतात, राख ओढतात, रात्रीच्या शिफ्टला एकट्याने पाणी सांभाळतात आणि कागदावर मात्र ‘हेल्पर’च राहतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, तसाच आयटीआय करून नुकतेच बॉयलरवर लागलेल्या मुलांसाठीही.

परीक्षेला बसायचे ठरवले की बहुतेक जण आधी प्रश्नोत्तरांचे पुस्तक शोधतात. त्याआधी कागद जमवा. अर्ज अडकतात ते अनुभवाच्या दाखल्यावर, आणि तो दाखला शेवटच्या आठवड्यात नीट होत नाही.

पायऱ्या कोणत्या?

केंद्राच्या २०११ च्या बॉयलर अटेंडंट नियमांप्रमाणे सर्टिफिकेटचे दोन वर्ग आहेत, सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास. सरकारी कागदांवर यांनाच ‘बाष्पक परिचर, द्वितीय वर्ग’ आणि ‘प्रथम वर्ग’ म्हणतात. सेकंड क्लासवाल्याला ठरावीक हीटिंग सरफेसपर्यंतचेच (म्हणजे पाणी तापवणाऱ्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळापर्यंतचेच) बॉयलर सांभाळता येतात. एकूण हीटिंग सरफेस १,००० चौरस मीटरच्या वर गेला की बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर, म्हणजे बीओई लागतो. ती परीक्षा वेगळी आणि पदवी-पदविकावाल्यांची. नवख्याने सेकंड क्लासपासून सुरुवात करायची.

आपल्या हाताखालचे यंत्र कायद्याच्या दृष्टीने बॉयलर आहे का, हे आधी तपासा. पाण्याची क्षमता २५ लिटरपेक्षा कमी असेल, किंवा दाब १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा पाणी १०० अंशांच्या खालीच तापत असेल, तर ते यंत्र कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. कमी पाण्याचे कॉइल टाइप ‘नॉन-आयबीआर’ (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सबाहेरचे) वाफेचे जनरेटर याच कारणाने नोंदणीबाहेर राहतात. प्रोसेस हाऊसमध्ये स्टेंटरला (कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्राला) उष्णता देणारा थर्मिक फ्लुइड हीटर दिसायला बॉयलरसारखाच असतो, भट्टी आणि चिमणीही तशीच. पण त्यात तेल फिरते, वाफ होत नाही. अशा यंत्रांवर कितीही वर्षे काढली तरी दाखल्यात लिहायला बॉयलरचा नोंदणी क्रमांकच नसतो. तुमची ड्युटी तिथे असेल, तर आजच शिफ्ट इंजिनिअरला सांगून आयबीआर बॉयलरवर बदली मागून घ्या.

पहिली पायरी : फॉर्म सहा वाचा

बॉयलर हाऊसच्या भिंतीवर किंवा ऑफिसच्या फाइलमध्ये बॉयलर वापरण्याचे प्रमाणपत्र असते. यालाच सगळे ‘फॉर्म सहा’ म्हणतात. वही काढा आणि त्यातून एवढे उतरवून घ्या : नोंदणी क्रमांक (महाराष्ट्रात तो ‘एमआर’ने सुरू होतो), बॉयलरचा प्रकार, उत्पादनाचे वर्ष, हीटिंग सरफेस चौरस मीटरमध्ये, तासाची वाफ, कमाल मंजूर दाब, आणि प्रमाणपत्र कधीपासून कधीपर्यंत चालू आहे. नोंदणी क्रमांक बॉयलरच्या अंगावरही कोरलेला असतो. तो आणि कागदावरचा क्रमांक जुळवून पाहा, कारण दोन बॉयलर शेजारी असले की दाखल्यात क्रमांकांची अदलाबदल होते.

ही माहिती तोंडी परीक्षेतही लागते. ‘तुमच्या बॉयलरचा हीटिंग सरफेस किती?’ हा ठरलेला पहिला प्रश्न. ‘दोन टनी आहे साहेब’ हे त्याचे उत्तर नव्हे. दोन टन ही वाफेची क्षमता झाली. हीटिंग सरफेस म्हणजे एका बाजूला आग किंवा गरम वायू आणि दुसऱ्या बाजूला पाणी असलेले क्षेत्रफळ.

दुसरी पायरी : रोजची नोंद

कारखान्याची लॉगशीट कारखान्याकडे राहते. तुमची स्वतःची वही वेगळी ठेवा. तारीख, शिफ्ट, बॉयलरचा क्रमांक, शिफ्टचा सर्टिफिकेटधारक अटेंडंट कोण होता, दाब, फीडच्या (बॉयलरमध्ये सोडायच्या) पाण्याचे तापमान, चिमणीचे तापमान, ब्लोडाऊन (गाळ-क्षारांचे पाणी बाहेर सोडणे) किती वेळा केला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती आला आणि काही बिघाड झाला तर तो. शिफ्टला पाच मिनिटे लागतात. वर्षभराने दाखला करून घेताना याच वहीवरून तारखा निघतात, आणि अभ्यासाचे खरे पुस्तकही हीच वही होते. ‘आयडी फॅनचा (धूर ओढणाऱ्या पंख्याचा) बेल्ट तुटल्यावर तुम्ही काय केले?’ याचे उत्तर पाठ करावे लागत नाही.

साखर कारखान्यातल्या मंडळींनी एक पथ्य पाळावे. गळीत हंगाम आणि ऑफ-सीझन वेगळे लिहा. हंगामात बॉयलर चालवला, पुढे ट्यूब बदलल्या, ड्रम साफ केला, हायड्रॉलिक टेस्टला हात लावला. दोन्ही कामे मोलाची, पण बंद बॉयलरचे महिने ‘बॉयलर चालवला’ म्हणून दाखवले तर तपासणीत ते लगेच उघडे पडते, आणि मग खऱ्या महिन्यांवरही संशय येतो.

तिसरी पायरी : अनुभवाचा दाखला

दाखला बॉयलरच्या मालकाकडून हवा, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. परीक्षेच्या अर्जासोबत ठरावीक नमुना दिलेला असेल तर त्याच नमुन्यात. त्यात तुमचे पूर्ण नाव, पद, बॉयलरचा नोंदणी क्रमांक, प्रकार, हीटिंग सरफेस, मंजूर दाब, सेवेची नेमकी सुरुवात आणि शेवट, प्रत्यक्ष काम काय केले, आणि ज्याच्या हाताखाली केले त्या अटेंडंटचे नाव व सर्टिफिकेट क्रमांक यायला हवा.

दाखले अडतात त्याची कारणे बहुधा अशी. ‘सुमारे तीन वर्षे’ असे लिहिलेले असते, तारखा नसतात. पद ‘जनरल हेल्पर’ असते. ‘बॉयलर हेल्पर’ किंवा ‘असिस्टंट फायरमन’ नसते. दाखल्यातल्या काळात बॉयलरचे प्रमाणपत्रच संपलेले असते. मुलगा पूर्णवेळ आयटीआयला असतानाचे महिने नोकरीतही मोजलेले असतात. आणि कंत्राटी कामगारांची अडचण सगळ्यांत मोठी : पगार ठेकेदार देतो, बॉयलर कारखान्याचा. अशा वेळी दाखला कारखान्याचा घ्या आणि त्याच काळाच्या ठेकेदाराच्या पगारपत्रकांच्या व पीएफ नोंदीच्या प्रती जवळ ठेवा. नोकरी सोडताना हिशेबासोबत दाखलाही हातात घेऊनच बाहेर पडा. कारखाना विकला गेला किंवा मॅनेजर बदलला की जुन्या काळाची सही देणारा माणूस उरत नाही.

चौथी पायरी : अर्ज

महाराष्ट्रात परीक्षा बाष्पके संचालनालय घेते, मुख्यालय मुंबईत. गोव्यात हे काम पणजीला आल्तिनोवरच्या कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाकडे आहे. परीक्षेची सूचना निघाली की वयाची, शिक्षणाची आणि अनुभवाची अट त्या सूचनेतूनच वाचा. सहकाऱ्याने चार वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जावरून अंदाज बांधू नका. आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप झालेल्यांनी आपल्या ट्रेडला अनुभवात काय सवलत आहे ते त्यातच पाहावे. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि दाखला या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच असू द्या. स्कॅन मोबाइलच्या सावलीतला नको. शिक्का वाचता आला पाहिजे.

अभ्यास : गेज ग्लासपासून सुरू करा

सगळा अभ्यासक्रम एका वाक्यात मांडायचा तर, पाण्याची पातळी खरी किती आहे हे तुम्हाला कळते का, आणि ती गेली तर तुमचा हात कुठे जातो? बाकीचे सारे याच्याभोवती आहे. म्हणून गेज ग्लास पूर्ण येईपर्यंत पुढे जाऊ नका.

काचेला तीन कॉक असतात : वरचा वाफेचा, मधला पाण्याचा, खालचा ड्रेनचा. चालू स्थितीत तिन्ही हँडल खाली लोंबती असतात. वाफेचा आणि पाण्याचा उघडा, ड्रेन बंद. हँडल हादऱ्याने घसरले तरी कॉक आपोआप बंद होऊ नये, म्हणून ही रचना. तपासताना काचेच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा, आणि संरक्षक काच जागेवर असू द्या. ड्रेन उघडा : वाफ आणि पाणी जोरात बाहेर आले पाहिजे. वाफेचा कॉक बंद करा : आता पाण्याची धार यायला हवी, म्हणजे खालचा रस्ता मोकळा. वाफेचा उघडून पाण्याचा बंद करा : नुसती वाफ यायला हवी, म्हणजे वरचा रस्ता मोकळा. मग पाण्याचा कॉक उघडून ड्रेन बंद करा. पाणी झटक्यात वर आले पाहिजे. रेंगाळत चढले तर कुठेतरी गाळ अडकला आहे.

यानंतर येणारा प्रश्न नवख्यांना हमखास अडवतो : वाफेचा रस्ता तुंबला तर काच काय दाखवेल? वरची अडकलेली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, तिथला दाब पडतो आणि खालून पाणी वर चढते. काच भरलेली दिसते. आणि पाण्याचा रस्ता तुंबला तर? वरून येणारी वाफ काचेत थंड होते, तिचे पाणी खाली जायला जागा नसते, ते हळूहळू साचते. काच पुन्हा भरलेलीच. दोन्ही बिघाडांत काच पाणी जास्त असल्याचे खोटे सांगते आणि आत भट्टीचा क्राउन, म्हणजे वरचा पत्रा, पाण्याबाहेर उघडा पडत असतो. शिफ्टच्या सुरुवातीला काच ‘ब्लो’ करायचा नियम यासाठी आहे. दोन गेज ग्लास असतात तेही यासाठीच. दोन्हींत फरक दिसला, तर दोन्ही तपासून होईपर्यंत एकाही काचेवर विश्वास ठेवायचा नाही.

पाणी दिसेनासे झाले तर

काचेत पाणी नाही. आधी काच तपासा. वाफेचा कॉक बंद, पाण्याचा उघडा, ड्रेन उघडा. पाण्याच्या कॉकमधूनही वाफच येत असेल तर पातळी त्या तोंडाच्याही खाली गेली आहे. आता इंधन ताबडतोब बंद. एफडी (भट्टीत हवा ढकलणारा) आणि आयडी फॅन बंद. हाताने भरायच्या भट्टीत जळते इंधन उचकटत बसू नका, त्याने उष्णता क्षणभर वाढते. वरून राख किंवा माती टाकून आग दाबा. फीड पंप सुरू करायचा नाही. सेफ्टी व्हॉल्व उचलायचा नाही. स्टीम व्हॉल्व झटक्याने उघडायचा किंवा मिटायचा नाही. माणसांना दूर करा, इंजिनिअरला कळवा आणि बॉयलर आपोआप थंड होऊ द्या.

पाणी का घालायचे नाही, हे नीट समजून घ्या, कारण घाबरलेला हात पंपाच्या बटणाकडेच जातो. उघडे पडलेले पत्रे आणि ट्यूब लालबुंद झालेल्या असू शकतात. वातावरणाच्या दाबाला १ लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,६०० ते १,७०० लिटर जागा मागते. तापलेल्या धातूवर थंड पाणी गेले की क्षणात इतकी वाफ होते आणि त्याच क्षणी धातू आकसतो. मऊ पडलेला क्राउन हा धक्का सोसत नाही. सेफ्टी व्हॉल्व उचलला की दाब एकदम पडतो, उरलेले पाणी उसळून त्याच तापलेल्या भागावर जाते. परिणाम तोच.

फ्युजिबल प्लगचा प्रश्न इथेच जोडून येतो. भट्टीच्या क्राउनमध्ये बसवलेल्या या गनमेटलच्या प्लगमध्ये लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी खाली गेले की तो वितळतो, वाफ भट्टीत शिरते आणि आवाजाने माणूस सावध होतो. पण पाण्याच्या बाजूने त्यावर स्केल (क्षारांचा कडक थर) चढली असेल किंवा प्लग वेळेवर बदलला नसेल, तर तो वितळायला उशीर करतो. म्हणून ‘फ्युजिबल प्लग आहे, चिंता नाही’ हे उत्तर चुकीचे. लो वॉटर अलार्म आणि बर्नर ट्रिप यांच्याबाबतही तेच. मोबरे या पातळी पाहणाऱ्या उपकरणाचा फ्लोट गाळाने अडकतो. रोज त्याचा ड्रेन उघडून ट्रिप खरोखर होते का ते पाहावे लागते. कटकट नको म्हणून ट्रिप बायपास करून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आढळते. अशा बॉयलरवर शिकत असाल तर ती सवय उचलू नका.

माउंटिंग्ज : नाव, जागा, काम

दोन सेफ्टी व्हॉल्व, दोन गेज ग्लास, प्रेशर गेज, मेन स्टीम स्टॉप व्हॉल्व, फीड चेक व्हॉल्व, ब्लोडाऊन व्हॉल्व, लो वॉटर सेफ्टी, इन्स्पेक्टरचा टेस्ट गेज लावायची जागा, मॅनहोल. आपल्या बॉयलरभोवती फिरून प्रत्येकावर हात ठेवत नाव म्हणा. बॉयलरला काम करण्यासाठी आणि सुरक्षेसाठी अंगावर लागणाऱ्या या वस्तू माउंटिंग्ज. इकॉनॉमायझर, एअर प्रीहीटर, सुपरहीटर, फीड पंप या कार्यक्षमता किंवा सोय वाढवणाऱ्या वस्तू ॲक्सेसरीज. हा फरक लेखी परीक्षेत विचारतातच.

प्रेशर गेजला खाली वेटोळे असलेली सायफन ट्यूब असते. तिच्यात पाणी साचून राहते आणि गरम वाफ गेजच्या आतल्या नळीला थेट लागत नाही. डायलवर मंजूर दाबाला लाल खूण हवी. वाफ सोडून दिल्यावर काटा शून्यावर येत नसेल तर गेज बदला.

दाब म्हणजे नेमके काय, हे आकड्यात एकदा पाहून ठेवावे. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या लंबवर्तुळी मॅनहोलचे क्षेत्रफळ साधारण ९४२ चौरस सेंटिमीटर. १० किलो दाबाला त्या एका दरवाजावर ९,४२० किलो, म्हणजे नऊ टनांहून जास्त भार असतो. दाब शिल्लक असताना मॅनहोलच्या नटाला पाना लावू नये, आणि गळणारे जॉइंट चालू दाबात आवळू नयेत, ते यामुळे.

सेफ्टी व्हॉल्वला वजन टांगणे, स्प्रिंग जास्त आवळणे, लिव्हर बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. ॲक्युम्युलेशन टेस्ट विचारली तर : स्टॉप व्हॉल्व बंद करून पूर्ण आगीवर बॉयलर ठेवतात, शेल टाइपला १५ मिनिटे, वॉटर ट्यूबला ७ मिनिटे, आणि सेफ्टी व्हॉल्व उघडे असताना दाब मंजूर दाबाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढता कामा नये.

पाणी

इथे बरेच उमेदवार गुण घालवतात, कारण सॉफ्टनरकडे (पाण्याचा जडपणा, म्हणजे हार्डनेस, काढणाऱ्या यंत्राकडे) केमिस्टच पाहतो. स्वतः टेस्ट करायला शिका. हार्डनेसच्या टेस्टमध्ये इंडिकेटर टाकल्यावर पाणी वाइनसारखे लाल झाले तर कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे. ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने टाकत निळे होईपर्यंत मोजायचे. सुरुवातीलाच निळे आले तर पाणी सॉफ्ट. बोअरचे पाणी असेल तर उन्हाळ्यात हार्डनेस वाढते आणि सॉफ्टनर नेहमीपेक्षा आधी संपतो. ठरल्या तासांवर रिजनरेशन करत, म्हणजे सॉफ्टनरला मीठ देऊन ताजा करत बसलात तर मधल्या काळात हार्ड पाणी आत जाते आणि ट्यूबवर पांढरी स्केल चढते. स्केलमधून उष्णता नीट जात नाही. ट्यूबचा धातू तापतो, फुगतो, फुटतो. म्हणून रिजनरेशन घड्याळावर ठरवू नका, टेस्टवर ठरवा.

सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येते, इतकेच. विरघळलेले क्षार आतच राहतात आणि वाफ निघून जाते, त्यामुळे बॉयलरमधला टीडीएस चढत जातो. २० किलो दाबापर्यंतच्या शेल बॉयलरला साधारण ३,५०० पीपीएम ही वरची हद्द धरतात, आणि आतल्या पाण्याचा पीएच ११ च्या आसपास ठेवतात. टीडीएस हद्दीच्या वर गेला की पाणी फेसाळते, काचेत पातळी वरखाली उडते, वाफेबरोबर पाणी लाइनमध्ये जाते. अशा वेळी आधी वाफेचा उठाव आणि आग कमी करा, पातळी स्थिरावू द्या, मग ब्लोडाऊन घ्या. उडणाऱ्या पातळीला घाबरून पंप मारत राहिलात तर आणखी पाणी लाइनमध्ये जाते.

बॉटम ब्लोडाऊन गाळ काढण्यासाठी असतो. थोडा थोडा आणि लोड कमी असताना घ्यायचा, व्हॉल्ववरचा हात आणि काचेवरची नजर दोन्ही न सोडता. दोन बॉयलरची ब्लोडाऊन लाइन एकच असेल तर एका वेळी एकच घ्या. आणि शेजारचा बॉयलर उघडून त्यात माणूस उतरला असेल, तर त्याचा ब्लोडाऊन व्हॉल्व कुलूपबंद असल्याची किंवा लाइन तोडल्याची खात्री केल्याशिवाय आपला व्हॉल्व उघडू नका. उलट वाहिलेल्या उकळत्या पाण्याने आतला माणूस भाजतो.

गणिते

सूत्रे थोडीच आहेत. गुण बहुधा एककांच्या गोंधळात जातात, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहायची सवय लावा.

ट्यूबचा हीटिंग सरफेस : १०० ट्यूब, व्यास ६३.५ मिलिमीटर, लांबी ३.५ मीटर. ३.१४ × ०.०६३५ × ३.५ = ०.६९८ चौरस मीटर एका ट्यूबचा. शंभरांचा साधारण ७० चौरस मीटर. मिलिमीटरचे मीटर करायला विसरलात तर उत्तर हजारपट येते.

‘फ्रॉम अँड ॲट १०० अंश’ : नेमप्लेटवर ताशी २,००० किलो लिहिलेले असते, पण ते १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांची वाफ धरून, ज्याला प्रत्येक किलोला ५४० किलोकॅलरी लागतात. प्रत्यक्षात पाणी ६० अंशांचे आणि वाफ १० किलो दाबाची असेल, तर वाफेतली उष्णता सुमारे ६६४ किलोकॅलरी, पाण्यातली ६०, म्हणजे प्रत्येक किलोला ६०४ द्यावे लागतात. २,००० × ५४० ÷ ६०४ = १,७८८ किलो. दोन टनी बॉयलर दोन टन का देत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे बरेचसे उत्तर यात आहे.

कार्यक्षमता : वरच्याच बॉयलरने तासाला १,७५० किलो वाफ दिली आणि किलोला ३,६०० किलोकॅलरी देणारे ३९० किलो ब्रिकेट खाल्ले. १,७५० × ६०४ = १०,५७,०००. ३९० × ३,६०० = १४,०४,०००. भागाकार ०.७५, म्हणजे ७५ टक्के.

ब्लोडाऊन : वाफ ताशी २,००० किलो, फीडचा टीडीएस २५०, हद्द ३,५००. २,००० × २५० ÷ (३,५०० − २५०) = सुमारे १५४ किलो ताशी.

सोबत दोन अंदाज लक्षात ठेवा : चिमणीचे तापमान साधारण २२ अंशांनी वाढले की कार्यक्षमता १ टक्क्याने उतरते, आणि फीडचे पाणी ६ अंशांनी गरम केले की इंधन १ टक्का वाचते. लोड तोच असताना चिमणीचे तापमान चढत चालले असेल तर ट्यूबमध्ये काजळी किंवा पाण्याच्या बाजूला स्केल आहे.

बॉयलर लावताना

पाण्याची पातळी, फीड टँक, पंप, डँपर पाहून घ्या. वरचा एअर कॉक उघडा ठेवा आणि सलग वाफ यायला लागली की बंद करा. हवा आत राहिली तर दाब लवकर चढलेला दिसतो आणि तापमान मागे राहते. बर्नर किंवा आग लावण्याआधी पर्ज (पंख्याने भट्टीतले वायू बाहेर काढणे) पूर्ण होऊ द्या. न जळालेला गॅस किंवा तेलाची वाफ भट्टीत साचून राहिली तर ठिणगी पडताच स्फोट होतो, आणि असे स्फोट बहुधा ‘बर्नर पेटत नाही’ म्हणून रीसेटचे बटण पुन्हा पुन्हा दाबताना होतात. पेटला नाही तर कारण शोधा आणि पर्ज पुन्हा पहिल्यापासून घ्या. थंड बॉयलर घाईने तापवू नका. लाइनला वाफ देताना आधी ड्रेन उघडा, स्टॉप व्हॉल्व किंचित उघडून लाइन गरम होऊ द्या, मग पूर्ण उघडा. साचलेल्या पाण्यावर एकदम वाफ सोडली की वॉटर हॅमर होतो, आणि तो एल्बो आणि फ्लँज फोडतो.

तोंडी परीक्षा

तोंडी परीक्षेत आधी तुमच्याच बॉयलरवर विचारतात, मग इतर प्रकारांवर : लँकेशायर, कोचरन, थ्री पास पॅकेज्ड स्मोक ट्यूब, बाय-ड्रम वॉटर ट्यूब. आपल्या बॉयलरचे चित्र काढायचा सराव करा. वायू कुठून कुठे जातात, पाणी कुठून येते, काच कुठे आहे, एवढे साध्या रेषांत दाखवता आले पाहिजे. शब्द बॉयलर हाऊसमध्ये बोलता तेच वापरा. पाठ केलेली इंग्रजी व्याख्या अर्ध्यावर विसरण्यापेक्षा ‘पाणी गेलं की मी आधी इंधन तोडतो, फॅन बंद करतो, पंप लावत नाही’ असे क्रमाने सांगणे बरे. प्रत्येक कृतीमागे ‘का’ विचारले जाईल असे धरून चला. फीड पंप पाणी उचलत नाही? सक्शनला हवा शिरते आहे, स्ट्रेनर तुंबला आहे, की फीडचे पाणी इतके गरम आहे की पंपातच वाफ होते आहे? तिन्हींची लक्षणे वेगळी, ती सांगता आली पाहिजेत. चिमणीतून काळा धूर म्हणजे हवा कमी पडते. ऑइल बर्नरला पांढरा धूर म्हणजे हवा जास्त किंवा तेलाचा फवारा नीट होत नाही. अपघात झाला तर मालकाने २४ तासांत इन्स्पेक्टरला कळवायचे असते, हेही माहीत हवे.

येत नसलेल्या प्रश्नाला ‘हे माझ्या बॉयलरवर नाही, मला माहीत नाही’ म्हणा. सुरक्षेच्या प्रश्नावर अंदाज ठोकलेला परीक्षकाला चालत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच्या सहीने तुमच्या हातात बॉयलर जाणार असतो.

पास झाल्यावर

मूळ सर्टिफिकेट सांभाळा. नोकरीला लागताना कारखान्याला प्रत द्या आणि इन्स्पेक्टरने मागितले तर मूळ दाखवा. आपण ड्युटीवर नसताना आपल्या नावावर बॉयलर चालू दाखवायला कोणी सांगितले तर नकार द्या. अपघात झाला की लॉगवर नाव तुमचे असते. आणि नोंदवही बंद करू नका. फर्स्ट क्लासच्या अर्जाला सेकंड क्लास म्हणून स्वतः ताब्यात घेतलेल्या बॉयलरचा अनुभव दाखवावा लागतो, पुन्हा क्रमांक, हीटिंग सरफेस आणि तारखांसकट. कॅनडाच्या बऱ्याच प्रांतांत हे काम करणाऱ्याला पॉवर इंजिनिअर म्हणतात, परीक्षा पाचव्या वर्गापासून पहिल्यापर्यंत चढत जाते आणि पास व्हायला ६५ टक्के लागतात. तिकडे जायचा विचार असेल, तर अशा नेमक्या नोंदींची इंग्रजीत टाइप केलेली प्रत इथूनच सही-शिक्क्याने करून घ्या.